आठ मुलं, गळांची डबी आणि मोजणीचा तक्ता

गेल्या सुट्टीत मी सात ते दहा वर्षांच्या आठ मुलांना फ्लाय बांधायला शिकवलं. फ्लाय म्हणजे गळावर दोरा, लोकर, पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. फ्लाय फिशिंग करणारे तो आमिष म्हणून वापरतात. मी स्वतः बरीच वर्षं बांधते आहे, पण एकटीने टेबलाशी बसून बांधणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पोरांच्या हातात गळ देणं वेगळं. भीती वाटत होतीच. आता सगळं पार पडलंय, म्हणून जे जसं झालं ते तसं लिहून ठेवते. कुणाला आपल्या भाचरांसाठी किंवा ओळखीतल्या मुलांसाठी असं काही करायचं असेल, तर वेळ कुठे जातो, पैसे कशावर जातात आणि कशाला उगाच घाबरायचं नाही, एवढं तरी कळेल.

जानेवारीत वाचनालयाच्या बालविभागाने सुट्टीतल्या उपक्रमांसाठी अर्ज मागवले. दोन पानी अर्ज. नाव, वयोगट, किती टेबलं लागतील, इथपर्यंत भराभर लिहून झालं. मग एक रकाना आला: उपक्रमात धारदार, टोकदार किंवा ज्वलनशील वस्तू वापरणार का? असल्यास तपशील द्या. गळ टोकदार, कात्री धारदार, नेलपॉलिश ज्वलनशील. तिन्ही लिहिलं. इथे गुळमुळीत लिहून काही साधत नाही, पहिल्याच दिवशी कुणीतरी डोकावून बघणारच असतं.

मग बरेच दिवस काहीच हालचाल नाही. फेब्रुवारीत फोन आला.

‘मॅडम, गळ म्हणजे मासे धरायचा गळ का?’

‘हो, तोच.’

‘खरा?’

‘खराच.’

पलीकडे थोडी शांतता. मग ‘समितीपुढे येऊन दाखवाल का?’

मी सगळं सामान घेऊन गेले. समितीत तिघं होते. बोलण्यापेक्षा करून दाखवलं. गळाच्या टोकामागे एक बारीक उलटा काटा असतो, माशाच्या तोंडातून गळ सुटू नये म्हणून. तो टोकदार पकडीने दाबला की सपाट होतो. असा गळ चुकून बोटात घुसला तरी आला तसा सरळ बाहेर निघतो. दवाखान्यात जायची वेळ येते ती बहुतेकदा उलट्या काट्यामुळे. दुसरी गोष्ट, गळ व्हाइसमध्ये लावायचा. व्हाइस म्हणजे टेबलावर उभी राहणारी छोटी पकड, तिच्या जबड्यात गळाचा बाक धरायचा. जरा खाली सरकवून धरला की टोकही जबड्यात झाकलं जातं. जाणकार लोक असं करत नाहीत, कारण जबड्यात टोक बोथट होऊ शकतं. पण मुलांच्या वर्गात बोथट टोकाचं काय वाईट? समितीतल्या एका गृहस्थांना मी बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणारी दांडी, हातात दिली आणि बाकीच्यांशी बोलत राहिले. ते मान खाली घालून वेढे घेत बसले आणि शेवटी त्यांना हाक मारून ‘तुमचं मत?’ असं विचारावं लागलं.

मंजुरीचं पत्र मार्चमध्ये आलं, अटींसकट. जास्तीत जास्त आठ मुलं. माझ्याशिवाय आणखी दोन मोठी माणसं हजर हवीत. प्रत्येकाला संरक्षक चष्मा. प्रथमोपचाराची पेटी खोलीतच. पालकांचं संमतिपत्र. आणि शेवटची अट, जिच्यावर मी घरी येऊन चांगली करवादले: प्रत्येक वेळी गळ मोजून बाहेर काढायचे, मोजून परत ठेवायचे आणि तक्त्यावर दोघांच्या सह्या. या तक्त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

संमतिपत्राचा मसुदा मलाच करायचा होता. नेहमीच्या मजकुराखाली मी दोन प्रश्न घातले. पिसं किंवा लोकर यांचा त्रास होतो का? आणि मूल डावखुरं आहे का? दुसरा प्रश्न पालकांना विचित्र वाटला, दोघांनी फोन करून विचारलं सुद्धा. पण त्यामुळे दोन डावखुरी मुलं येणार हे आधीच कळलं आणि बसायची व्यवस्था तशी करता आली.

आता खर्च. सगळ्यात जास्त पैसे व्हाइसवर जातात आणि सगळ्यात कमी काळजी तिचीच करायला हवी. मुलांना गरगर फिरणारी, शंभर प्रकारे वळणारी व्हाइस लागत नाही, घट्ट धरणारी लागते. मी बऱ्याचशा मासेमारीतल्या मित्रमैत्रिणींकडून उसन्या आणल्या, दोन अगदी साध्या विकत घेतल्या. व्हाइस दोन तऱ्हेच्या असतात: टेबलाच्या कडेला आवळायच्या आणि जड बैठकीच्या. वाचनालयाची टेबलं आधी जाऊन मापून घेतली हे बरं झालं, कारण त्यांची कड इतकी जाड की आवळायचा स्क्रू तिथे पुरलाच नसता. म्हणून सगळ्या बैठकीच्या मिळवल्या. आणखी एक, व्हाइस मुलाच्या छातीच्या उंचीला यायला हवी. मोठ्यांच्या टेबलाशी बसलेल्या सात वर्षांच्या मुलाची व्हाइस पार नाकासमोर येते आणि हात खांद्याच्या वर उचलून पाच मिनिटांत दुखतात. खुर्च्यांवर जाड उशा घातल्या, प्रश्न मिटला.

बाकी सामान स्वस्तात होतं. गळ मी सहा नंबरचे घेतले, लांब दांडीचे. गळांचे नंबर उलटे चालतात, आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. चौदा-सोळा नंबरच्या गळावर फ्लाय बांधणं मोठ्या माणसालाही डोळे फोडून घेण्यासारखं असतं, मुलांच्या हातात तो देऊच नये. दोरा जाड, २१० डेनियरचा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. अनुभवी लोक ७० डेनियर वापरतात, सुबक काम होतं. मूल मात्र दोरा ओढतंच, सांगून थांबत नाही, आणि ७० चा दोरा दर दोन मिनिटांनी तुटला तर तासाभरात रडारड. वजनासाठी गळाला शिशाची तार गुंडाळायची पद्धत आहे. मुलं हात तोंडात घालतात, तेव्हा शिसं नकोच. बिनशिशाची तार किंवा पितळी मणी घ्यावेत. अतिनील दिव्याखाली कडक होणारा गोंद हल्ली सगळे वापरतात, तोही मी घरीच ठेवला. शेवटच्या गाठीवर लावायला साधं पारदर्शक नेलपॉलिश पुरतं, आणि ते मी स्वतः, खिडकीशी उभी राहून लावायचं ठरवलं.

शिवाय रिकामी बॉलपेनं. ती का, ते सांगते. फ्लाय बांधून झाली की दोरा गाठ मारून संपवायचा असतो. मोठी माणसं त्यासाठी व्हिप फिनिश नावाची गाठ मारतात, ती शिकवायला मला स्वतःला आरसा समोर धरावा लागतो. मुलांना साधा अडका पुरतो, लागोपाठ तीन-चार वेळा मारलेला. रीफिल काढलेल्या पेनच्या निमुळत्या टोकावर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, पेनचं भोक गळाच्या नेढ्यावर टेकवायचं आणि वेढा पेनवरून गळावर सरकवून दोरा ओढायचा. झाली गाठ. याचं तयार अवजार बाजारात मिळतं, पेन तेच काम करतं आणि मुलांना जास्त आवडतं.

कोणत्या फ्लाय शिकवायच्या यावर मी सामानापेक्षा जास्त विचार केला. माझी एकच कसोटी होती: मोठ्या माणसाचा हात न लागता मूल ती पुरी करू शकेल का? अर्धी मुलाने बांधायची आणि अवघड भाग आला की आपण ‘दे इकडे’ म्हणायचं, अशी फ्लाय माझ्या मते शिकवण्याच्या लायकीची नाही. त्या कसोटीवर पहिली निवडली सॅन हुआन वर्म. न्यू मेक्सिकोतल्या सॅन हुआन नदीवरून नाव पडलेला हा गांडुळासारखा प्रकार. शेनीलचा, म्हणजे मऊ लवदार दोरीचा, तुकडा गळावर आडवा ठेवून दोन ठिकाणी बांधायचा, दोन्ही टोकं लोंबती सोडायची. संपलं. काही पट्टीचे लोक या फ्लायकडे नाक मुरडतात, ही काय फ्लाय म्हणायची? मासे मुरडत नाहीत.

दुसरी किलर बग. इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या एव्हॉन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांची ही निर्मिती. यात दोराच नाही. बारीक तांब्याची तार आणि लोकर, बस. सॉयर तारेनेच बांधायचे, त्यामुळे बांधणीही होते आणि वजनही येतं. लोकर म्हणजे तरी काय, मोजे रफू करायची. तिसरी वुली बगर: मागे पिसांची झुपकेदार शेपटी, अंगावर शेनील, त्यावरून गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ च्या सुमारास ती बसवली असं मानतात. तिला तीन-चार कामं एकामागून एक करावी लागतात, म्हणून शेवटी.

पहिला शनिवार एप्रिलमध्ये. त्या दिवशी गळ नव्हतेच. जाड तारेचे वीतभर लांबीचे, बिनटोकाचे आकडे मी आधी वाकवून ठेवले होते, आणि दोऱ्याऐवजी रंगीत सुतळी. एवढ्या मोठ्या आकाराचा फायदा हा की वेढा कुठे पडतोय ते लांबूनही दिसतं. शिकवल्या फक्त तीन गोष्टी. दोरा सुरू करणं, काहीतरी त्याखाली दाबणं, दोरा संपवणं.

दोरा सुरू करणं ही गोष्ट सगळ्यांना जादूसारखी वाटते. डाव्या हातात दोऱ्याचं मोकळं टोक, उजव्या हातात रीळ. दोरा तारेला टेकवायचा, आपल्यापासून लांब जाणारे चार-पाच वेढे एका दिशेने घ्यायचे आणि मग त्याच वेढ्यांवरून मागे यायचं. परतीचे वेढे आधीच्यांना दाबून धरतात, मोकळं टोक त्यांच्याखाली सापडतं आणि दोरा बसतो. गाठ नाहीच. एक मुलगा बराच वेळ आकडा उलटसुलट करून बघत होता. ‘मावशी, पण गाठ कुठाय?’ म्हटलं, ओढून बघ. त्याने जोरात ओढलं, दोरा हलला नाही. मग त्याने शेजारच्याचा ओढला. मग सगळ्यांनी सगळ्यांचे ओढले. पंधरा मिनिटं त्यात गेली आणि मी जाऊ दिली. दोऱ्याच्या ताणावर विश्वास बसला की निम्मं काम झालेलं असतं.

एका तासाचा वर्ग धरला होता. प्रत्यक्षात या वयाची मुलं वीस-पंचवीस मिनिटं टक लावून काम करतात, मग डोळे भिरभिरायला लागतात. त्या वेळी मी सगळ्यांना उठवून पिसांची पेटी दाखवायची. पुन्हा बसली की आणखी पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तास भरून काढायच्या हट्टापायी याहून जास्त ताणू नये.

दुसऱ्या शनिवारी खरे गळ आले आणि खोलीत एकदम गंभीर वातावरण झालं. गळ लावणं-काढणं हे फक्त मोठ्यांनी करायचं, बाकी सगळं मुलांनी, असा नियम. इथेच पहिली खरी अडचण आली ती पालकांची. दोन मोठी माणसं हवीत म्हणून पालकांपैकी आळीपाळीने दोघं बसायचे. सगळी भली माणसं, पण मुलाचा वेढा जरा तिरका पडला की हात आपोआप पुढे. ‘थांब, असं नाही, आण इकडे.’ मूल हात मागे घेतं आणि मग परत पुढे करत नाही. मी रागावून काही बोलले नाही. तिसऱ्या वेळेपासून आलेल्या पालकांनाही एकेक व्हाइस मांडून दिली आणि म्हटलं, तुम्हीही बांधा. तेव्हापासून त्यांना मुलांकडे बघायला उसंतच मिळाली नाही. एका बाबांचा दोरा पाच वेळा तुटला आणि त्यांच्या लेकीने शेजारून सांगितलं, ‘बाबा, बॉबिन सोडून द्या.’

ही ‘बॉबिन सोडा’ची सूचना मी सगळ्यात जास्त दिली असेन. बॉबिन म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणारी, नळी असलेली दांडी. तिच्या स्वतःच्या वजनानेच दोरा ताणलेला राहतो. मुलांना वाटतं हातातून सोडली की सगळं उलगडेल, म्हणून एका हातात बॉबिन घट्ट, दुसऱ्या हातात कात्री, आणि शेनील धरायला तिसरा हात कुठून आणायचा? सोडा, लोंबू द्या, काही होत नाही. हे एकदा हाताला कळलं की मूल मोकळं होतं. दोरा सारखा एकाच जागी तुटत असेल तर मात्र मुलाला दोष देऊ नका, नळीच्या तोंडावरून बोट फिरवून बघा. स्वस्त बॉबिनीच्या नळीची कड खरखरीत असते आणि तीच दोरा कापते. आमच्याकडची एक तशी निघाली, ती बाजूला काढली.

शेनीलची एक गंमत मुलांना फार आवडली. तुकड्याच्या टोकाची लव नखाने ओरबाडली की आत बारीक सुती गाभा निघतो. वुली बगरसाठी तो गाभा तेवढा दोऱ्याखाली बांधायचा, म्हणजे तिथे गठ्ठा होत नाही. एकजण ओरबाडत बसला तो अख्खा तुकडा सोलूनच थांबला. सॅन हुआन वर्मची टोकं निमुळती व्हावीत म्हणून त्यांना ज्योत दाखवतात, ते काम मी वर्ग संपल्यावर, खोलीबाहेर केलं. आठ मुलांच्या मधोमध लायटर पेटवायची माझी तयारी नव्हती.

डावखुऱ्या दोघांबद्दल. उजव्या हाताने बांधणारे गळाचं नेढं उजवीकडे ठेवतात. डावखुऱ्यांसाठी व्हाइस फिरवून नेढं डावीकडे आणायचं. उजव्या मुलांना मी माझ्या शेजारी बसवलं, म्हणजे त्यांना माझे हात माझ्याच बाजूने दिसतात. डावखुऱ्यांना समोर बसवलं. समोरून बघताना माझा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला येतो, नेढंही त्यांच्या डावीकडे, त्यामुळे बघून जसंच्या तसं करता येतं. फक्त ‘वेढा आपल्यापासून लांब’ एवढं तोंडाने सांगावं लागतं. त्यातल्या एका मुलीची किलर बग सगळ्या वर्गात सुबक झाली होती.

सुबकपणाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. मोठ्या माणसाला नीटनेटकी फ्लाय हवी असते, मुलाला पुरी झालेली हवी असते, आणि माशाला त्यातलं काहीच कळत नाही. मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला: नेढ्यामागे जागा सोडायची. नवशिके, लहान असोत की मोठे, लोकर नेढ्यापर्यंत भरत नेतात आणि मग गाठ मारायला दांडीच उरत नाही, वर नेढं बुजतं आणि त्यातून दोरी ओवता येत नाही. तोंडाने सांगून उपयोग झाला नाही. शेवटी सुरुवातीलाच नेढ्यामागे लाल दोऱ्याचे चार वेढे घेऊन दिले आणि सांगितलं, लालवर काही चढवायचं नाही. हे चाललं.

पिसांची पेटी उघडली की प्रश्न सुरू. हे कुणाचं पीस, तो पक्षी मेला का? खरी उत्तरं दिली. कोंबड्याची पिसं खाण्यासाठी पाळलेल्या किंवा मुद्दाम पिसांसाठीच वाढवलेल्या कोंबड्यांची. वुली बगरच्या शेपटीचं मऊ पीस मॅराबू म्हणून विकलं जातं, पूर्वी ते त्या नावाच्या करकोच्याचं असे, आता पाळीव टर्कीचं असतं. मोरपिसाचे तंतू फार सुंदर दिसतात पण चटकन तुटतात, दोऱ्याबरोबर पीळ देऊन वापरले तर टिकतात. रस्त्यात सापडलेली पिसं आणू का, असं तिघांनी विचारलं. नको म्हटलं. त्यात किडे असू शकतात, आणि बऱ्याच ठिकाणी जंगली पक्ष्यांची पिसं बाळगायलाही कायद्याने मनाई आहे, तिथला नियम बघितल्याशिवाय उचलूच नयेत. पिसांचा मोह वाईट असतो हे सांगताना २००९ सालची चोरीही सांगितली: इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली, जुन्या पद्धतीच्या सॅमन फ्लाय बांधणाऱ्यांना ती पिसं हवी असतात म्हणून. मुलं एकदम गप्प. मग एकीने विचारलं, ‘तीनशेला एकच कमी का घेतला?’

किलर बगच्या वेळी सॉयर यांच्या तारेबद्दल सांगितलं आणि त्याच ओघात इलियन या रोमन लेखकाबद्दल. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावून मासे धरतात. समोर टेबलावर तेच पडलेलं होतं. दोघांनी लगेच शिकवलेलं सोडून लाल लोकर आणि दोन पिसांची फ्लाय बांधली. माझ्या यादीत ती नव्हती, पण पुढच्या वेळी पहिली तीच घेईन.

आता तो तक्ता. मेच्या सुरुवातीला एका शनिवारी वर्ग संपला आणि एक गळ कमी भरला. मुलं चपला घालत होती. मी दार लावलं, सगळ्यांना उभे आहात तिथेच थांबा म्हटलं. टेबलाखाली, उशांवर, पिसांच्या पेटीत, कुठेच नाही. पोटात गोळा आला होता. मग मोठं लोहचुंबक घेऊन जमिनीवरून फिरवलं, काही नाही. शेवटी एकेका मुलाच्या बाह्या आणि स्वेटर बघितले तर एका मुलीच्या लोकरी बाहीच्या आतल्या बाजूला तो अडकलेला, वर अर्धी बांधलेली फ्लाय तशीच. तिला पत्ताही नव्हता. उलटा काटा दाबलेला असल्याने हलकेच ओढला आणि निघाला. ज्या अटीवर करवादले होते तिच्यामुळेच ती मुलगी बाहीत गळ घेऊन घरी गेली नाही. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या: लोकरी बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, आणि प्रत्येकापुढे चुंबक चिकटवलेली छोटी ताटली. गळ एकतर व्हाइसमध्ये नाहीतर ताटलीत.

वुली बगरला दोन शनिवार लागले. मॅराबू कोरडं असताना बोटांना, नाकाला, सगळीकडे चिकटतं. एकाने फुंकर मारली आणि खोलीभर लव. पाण्याची वाटी ठेवावी आणि बोटं ओली करून मग पीस धरावं, ओलं झालं की ते मुकाट्याने एकत्र राहतं. याच दिवशी एकजण रडला. अंगावरून गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस शेवटच्या वेढ्याला सुटलं आणि सगळं उलगडलं. त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी गेले, त्याच्याशेजारी बसले आणि माझ्या व्हाइसवर माझं पीस मुद्दाम सोडून परत गुंडाळून दाखवलं. त्याच्या गळाला हात लावला नाही. तो बराच वेळ नुसता बसून होता, मग त्याने पेन उचललं. पिसाचं टोक मुलांनी बोटाने धरण्यापेक्षा कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून लोंबतं सोडलं तर सुटत नाही, हा उपाय त्याच तासात सुचला.

पहिली वुली बगर पुरी झाल्यावर पाण्याने भरलेलं काचेचं भांडं टेबलावर ठेवलं. ओली करून पाण्याबाहेर धरली की ती शेपटी कोंबडीच्या भिजलेल्या पिल्लासारखी केविलवाणी दिसते. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली आणि हलके झटके दिले तर शेपटीचा प्रत्येक तंतू वेगळा झाला, पुढे ओढलं की मिटायचा, थांबलं की फुलायचा. मुलांनी एकमेकांची डोकी बाजूला सारून बघितलं. आपली शेपटी फार लांब झालीय हे तिथे दोघांना न सांगता कळलं. ती कात्रीने कापू नये, नखांनी चिमटून तोडावी, कापलेली कड पाण्यात सरळ आणि खोटी दिसते.

मासे धरायला नेणं वाचनालयाच्या परवानगीत बसत नव्हतं, ते पालकांनी आपापल्या जबाबदारीवर ठरवलं. तळ्यावर मासेमारीला परवाना लागतो का, मुलांना वेगळा नियम आहे का, काटा नसलेलेच गळ हवेत का, हे आधी विचारून घ्यावं. नियम जागोजागी बदलतात. आमच्या परवान्याला आठवडाभर लागला. पाचजण आली. टोप्या आणि चष्मे सक्तीचे, कारण हवेतून मागे येणारा गळ कुठे जाईल ते फेकणाऱ्यालाही माहीत नसतं. मुलांना लांब फेकायला लावलंच नाही, काठाशी उभं राहून छोट्या काठीने फ्लाय पाण्यात सोडायची. सकाळभरात दोन बोटभर मासे लागले, दोन्ही सॅन हुआन वर्मला, आणि दोन्ही सोडून दिले. दुसऱ्या माशाने फ्लायची एक बाजू सोडवून टाकली होती. मुलाने ती निरखून बघितली आणि म्हणाला, ‘मी दोनच गाठी मारल्या होत्या.’ माझ्या तोंडून निघणारं वाक्य मी गिळलं.

उपक्रमाचा अहवाल जूनमध्ये द्यायचा होता. त्यात ‘उरलेल्या साहित्याची विल्हेवाट’ असा रकाना आहे. न वापरलेले गळ मी परत आणले. बांधलेल्या फ्लाय टोकाला बुचाचा तुकडा लावून, डबीत घालून पालकांच्या हातात दिल्या, मुलांच्या नाही, आणि सह्या घेतल्या. तीन घरांतून व्हाइस कुठली घ्यावी म्हणून विचारणा झाली. तिघांनाही मी व्हाइस आत्ता नको म्हटलं. आधी जाड तारेचा आकडा, सुतळी आणि रिकामं पेन घरी ठेवा. महिनाभराने मूल अजून त्याच्याशी खेळत असेल तर साधी बैठकीची व्हाइस, २१० डेनियरचा एक काळा दोरा, एक शेनील आणि सहा नंबरचे काटा दाबलेले गळ घ्या. पिसांचे मोठे तयार संच घेऊ नका, त्यातली अर्धी पिसं कधीच वापरली जात नाहीत. गळांची डबी मात्र कुलपात, आणि झाकणावर आत किती गळ आहेत तो आकडा पेन्सिलीने लिहिलेला.